मी बाजूला, शांत्या

शांत्या,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नसतील. वंदना सिस्टर बोलल्या, हॉस्पिटलचे मोठे साहेब बोलले, लाँड्रीतले मामासुद्धा उठून दोन वाक्यं बोलले आणि रडत खाली बसले. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझ्याकडं हात केला. "डॉक्टर इंद्रजित अखेरच्या क्षणापर्यंत आपल्या मित्राजवळ होते. त्यांची अवस्था आपण समजू शकतो." मी मान खाली घातली. आपल्या कॅज्युअल्टीची सगळी टीम तिसऱ्या रांगेत बसली होती. त्या वेळी मी कुठं होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही. रागानं नव्हे रे. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तेच जास्त लागलं.

तू गेलास त्याला अजून महिना झालेला नाही. लोक म्हणतात, काहीतरी लिहा, तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे. मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. कारण लिहायचं तर तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशीच लिहावं लागणार होतं, आणि तुझ्यासमोर बसायची मला लाज वाटत होती. अजून वाटते.

मेडिकलच्या हॉस्टेलवर पहिल्या दिवशी आपली गाठ पडली. तू कृष्णाकाठचा, ऊस आणि हळदीच्या जैन घरातला, तुझ्या आईनं, अव्वांनी, बांधून दिलेला बिनलसणाच्या चटणीचा डबा पोटाशी धरून आलेला. मी कोरेगावचा, सुभेदाराचा पोरगा. आमच्या घरात 'मागं सरकला' हे शिवीसारखं वापरायचे. तू पहिल्याच रात्री घोरायला लागलास आणि मी तुझ्या अंगावर पाणी ओतलं. तू उठून बसलास, केस पुसलेस आणि विचारलंस, "झालं का समाधान? झोपू आता?" त्या प्रश्नावर मला भांडताच येईना. पुढं आयुष्यभर तू माझ्याशी असाच भांडलास. मी आग ओकायची आणि तू टॉवेल शोधायचा.

मी सर्जन झालो, तू भूलतज्ज्ञ. हायवेवरच्या या हॉस्पिटलात आधी मी आलो, मागनं तुला ओढून आणलं. तू लग्न केलं नाहीस. का, हे मी विचारत राहिलो आणि तू "येळ गावंना" म्हणून टाळत राहिलास. माझ्या डोक्यालगत, पेशंटच्या उशाशी, तू इतकी वर्षं उभा होतास की तुझी सावली पडली नाही तर मला प्रकाश चुकल्यासारखा वाटायचा.

शिराळ्याकडून ती जीप आली होती, आठवतं? शाळेतल्या बाई होत्या आत, मांडी फुटलेली, पोट ताठलेलं. कॅज्युअल्टीत आपण सगळे मिळून बाजार भरवला होता. जो तो ओरडत होता आणि सगळ्यांत वरचा सूर माझा. मी म्हणालो, "रक्त मागवा!" सगळ्यांनी ऐकलं. बऱ्याच वेळानं कळलं की ब्लड बँकेला कुणीच फोन केलेला नाही. सिस्टरना वाटलं डॉक्टर करतील, डॉक्टरना वाटलं सिस्टरनी केला. बाई वाचल्या, पण त्यात आपला वाटा थोडा आणि त्यांच्या आयुष्याच्या दोरीचा जास्त. नंतर तू बाहेरच्या पायरीवर बसलास. टोपी अजून डोक्यावरच होती.

"इंद्या, तू रक्त मागवा म्हनलास. कुनाला म्हनलास?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हंजे कुनालाच न्हाई, गड्या."

तिथून तुझं ते वेड सुरू झालं. पुण्याच्या मावसभावाला सुट्टीला बोलावून घ्यायचास आणि दोघं लॅपटॉपवर डोकी घालून बसायचात. मला वाटलं, महिन्याभरात विसरशील. तू अॅप बनवून आणलंस. नावही स्वतःच ठेवलंस, हाळी. मी हसलो तर म्हणालास, "शेतातल्या मानसाला बांधावरनं बोलवायचं तर नाव घिऊन हाळी द्यावी लागती. नुसतं ओ म्हनलं तर बघतात सगळी, येत कुनी न्हाई."

साधी गोष्ट होती. अॅम्ब्युलन्समधल्या माणसानं रस्त्यातूनच जखमीची खबर फोनवर टाकायची. इकडं आपल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजायचे. पेशंट दारात यायच्या आधी भिंतीवरच्या पडद्यावर लागलेलं असायचं, कोण पुढारी, कोण श्वासाला, कोण रक्ताला, कोण नोंदीला. एकेक काम झालं की करणाऱ्यानं तोंडानं सांगायचं, फोनवर बोट लावायचं, आणि पडद्यावर ती ओळ हिरवी व्हायची. मी त्याला एसटी स्टँडचा फलक म्हणायचो. "कराड-इस्लामपूर गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे," असं तू श्वासाची ट्यूब घालत असताना मी तुझ्या कानाशी म्हणायचो आणि तू मास्कमधून शिव्या द्यायचास.

आणि मग एक दिवस एक ट्रकवाला आला, राजस्थानचा, बरगड्यांचा चुरा झालेला. आम्ही सहा-सात जण त्याच्याभोवती होतो आणि खोलीत आवाज नव्हता. एकजण बोलायचा, बाकीचे ऐकायचे. "रक्त दोन पिशव्या, वाटेत." "ऐकलं." "छातीत नळी, डावी." "ऐकलं." मी नळी टाकत असताना मला माझ्या कात्रीचा आवाज ऐकू आला, शांत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो माणूस आठवड्यात उठून बसला आणि त्याच्या भावानं गावाकडून आणलेल्या शेवेचा डबा टीमला दिला. त्या रात्री घरी जाताना मला तुला सांगायचं होतं की ही शांतता तू दिलीस. मी काय म्हणालो? "बरा चाललाय तुझा फलक." एवढंच. तू तेवढ्यावर खूश झालास. तुला खूश करायला फार काही लागायचं नाही, म्हणून कधी फार काही दिलंही गेलं नाही.

आपलं मोठं भांडण झालं ते त्या बटणावरून.

हाळीत तू एक नवीन गोष्ट घातलीस. प्रत्येकाच्या नावासमोर एक छोटं बटण, 'मी बाजूला'. समोर आलेला पेशंट आपलं माणूस असेल, किंवा आपण स्वतःच धड नसू, तर ते दाबायचं. नाव राखाडी होणार आणि खालच्या माणसाचं नाव आपोआप वर सरकणार. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. हायवेवरच्या टपरीवर चहा घेताना तू मला ते दाखवलंस आणि माझं डोकं फिरलं.

"सर्जनला पळून जायचं बटण देतोस? उद्या घरी जाऊन झोपायचंही दे एक."

"पळायचं न्हाई, बाजूला व्हायचं."

"फरक काय?"

"आपलं मानूस टेबलावर आलं की हात आपले ऱ्हात न्हाईत, इंद्या."

"तुझे राहिले होते की. आण्णांना ट्यूब कुणी घातली?"

मी हे बोलायला नको होतं. तुझ्या वडलांना हृदयाचा झटका आला तेव्हा कॅज्युअल्टीत तूच होतास, तूच त्यांच्या घशात नळी घातलीस, तूच त्यांच्या छातीवर दाब दिलास, आणि ते गेले. तू त्यावर कधी बोलला नव्हतास. त्या दिवशी कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "अजून तो घसा दिसतो मला."

"पण तू बाजूला झाला नाहीस ना? मग? परत तशी वेळ आली तर होशील?"

तू टपरीवाल्याला पैसे दिलेस आणि गाडीकडं चालत गेलास. नंतर मी तो विषय चारदा काढला आणि तू चारदा टॉवेल शोधलास. ते उत्तर तुझ्याकडंच राहिलं. आज मला दुसरं काही नको, तेवढं एक हवं आहे.

त्या दिवशी तू दुपारीच निघतो म्हणालास. अव्वा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत आणि तू यायचा म्हटलं की तुझ्यासाठी थांबून राहतात, म्हणून तू कायम घाईत निघायचास. मी म्हणालो, "सावकाश जा, कारखाने सुरू झालेत, रस्ताभर ट्रॉल्या आहेत." तू हात हलवलास. ऑपरेशन थिएटरमध्ये ऐनवेळी काम निघालं आणि तुला निघायला उशीर झाला हे मला मागाहून कळलं.

ऊन उतरलं होतं. फोन वाजले. मी हाळी वाचली: पुरुष, चाळीस-पंचेचाळीस, मोटार उसाच्या ट्रॉलीवर मागून, पेठ नाक्याच्या अलीकडे, छाती आणि पोट, बोलतोय, रक्तदाब पडतोय. नाव नव्हतं. नावाचा रकाना तूच काढून टाकला होतास. अॅम्ब्युलन्सवाल्यांचा वेळ त्यात जातो म्हणून. पुढारी मी. माझ्याखाली रेश्मा. डॉक्टर रेश्मा मुल्ला, जिला तू हाताला धरून ट्यूब घालायला शिकवलंस आणि जी तुझ्यासारखी 'ऐकलं' म्हणताना मान तिरकी करते, ती. रक्त सांगून झालं होतं. वरच्या मजल्यावर दुसरे सर्जन जाधव होते, त्यांनाही खबर गेली होती. मी हातमोजे घालून पायाशी उभा राहिलो. सगळं तुझ्या मनासारखं लागलं होतं.

दार उघडलं आणि मला आधी बूट दिसले. कापडी, मातकट. चामडं न वापरणाऱ्या माणसाचे बूट.

चेहरा मी बघितला की नाही, मला आठवत नाही. तू काहीतरी बोलत होतास. काय, ते कानात शिरलं नाही. मी उजव्या हातातला मोजा काढला, फोन घेतला, बटण दाबलं आणि दाराबाहेर आलो. विचार करून केलं असं म्हणायला मला आवडेल. विचार नव्हता. माझे पाय बाहेर आले आणि मी त्यांच्याबरोबर आलो.

बाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारी बसली होती, नातवाच्या प्लॅस्टरसाठी आलेली. मी तिच्याशेजारी बसलो. माझ्या अंगावर हिरवे कपडे, एका हातात मोजा. ती माझ्याकडं बघत राहिली.

"तुमी डाक्टर न्हवं?"

"हो."

"आत कोन हाय?"

"मित्र आहे माझा."

"आन् मग तुमी हितं का बसलाय, बाबा?"

तिनं सरळ विचारलं, काही मनात न ठेवता. मी फोनकडं बघितलं. नाव राखाडी झालं तरी हाळी दिसायची बंद होत नाही, ही सोय तुझीच. श्वास, हिरवं. छातीत नळी, हिरवं. रक्त पहिली पिशवी, हिरवं. पोटाची सोनोग्राफी, हिरवं. एकापाठोपाठ एक ओळी हिरव्या होत गेल्या. आतून ओरडण्याचा आवाज आला नाही. जाधव जिन्यावरून धावत आले आणि माझ्या अंगावरून आत गेले. मी उभाही राहिलो नाही. तळहाताएवढ्या काचेवर मी तुझा जीव जाताना बघितला, आणि प्रत्येक ओळ बरोबर होती. शेवटी एक ओळ आली. 'प्रयत्न थांबवले.' पुढं रेश्माचं नाव.

सगळ्यांनी नंतर मला सांगितलं, जाधवांनी, बाहेरून आलेल्या मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. यकृताच्या मागची मोठी शीर फाटली होती. कुणाच्याही हाताखाली तू राहिला नसतास. मला ते पटतं. सर्जन म्हणून अगदी पटतं. पण माणूस रात्री उशीवर डोकं टेकतो तेव्हा सर्जन नसतो.

आता जे सांगायचं आहे ते तुला सांगायला जीभ रेटत नाही, जरी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं असलं तरी.

तुझा नियम होता की प्रत्येक केसनंतर चहा घेऊन बसायचं आणि काय नीट झालं, काय अडलं ते बोलायचं. कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही. तुझ्या केसची बैठक चार दिवसांनी झाली. कुणाची इच्छा नव्हती, पण वंदना सिस्टर म्हणाल्या, "सरांचीच नाही केली तर पुढं कुणाची करायची?" रेश्मानं सगळं क्रमानं सांगितलं. आवाज सपाट ठेवला होता. ती बोलून थांबली आणि मी म्हणालो, "रेश्मा, छातीतली नळी सोनोच्या आधी का टाकली नाही?"

वंदना सिस्टरनी कप खाली ठेवला.

ती म्हणाली, "आधीच टाकली होती, सर. पडद्यावर आहे."

"पडद्यावर काहीही येतं. तू वेळ घालवलास."

आणि मला माहीत होतं, शांत्या. बाकड्यावर बसून मी स्वतःच्या डोळ्यांनी ती ओळ हिरवी होताना बघितली होती, सोनोच्या आधी. मला चूक हवी होती. कुणाची तरी चूक सापडली असती तर मी आत असतो तर वाचवलं असतं असं म्हणता आलं असतं, आणि मग माझ्या लाजेला निदान काही किंमत आली असती. जे काम मला झेपलं नाही ते जिनं केलं, तिच्याच अंगावर मी ते फेकलं. तुझ्याच टेबलाशी बसून, तुझा नियम मोडून, तुझं नाव घेऊन. रेश्मा "बरोबर आहे सर, बघते" म्हणाली आणि कप उचलून बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं ड्यूटी बदलून ओपीडी मागून घेतली.

मी तुझ्या गावाला गेलो तो त्यानंतर. तुझ्या भावानं गाडी बघून गोठ्यातून हात केला. अव्वा सोप्यात बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, भिंतीला टेकून. मी पाया पडलो.

"आलास व्हय रं. बस."

मी समोर बसलो. मग त्या म्हणाल्या, "माझ्या जेवनापायी पळत येत हुता. मी म्हनायची, बाबा, येकांद्या दिवशी न्हाई जेवलं तर काय मरनार हाय का मी." आणि पदर तोंडाला लावला. त्यांच्या दुःखासमोर माझं सांगणं क्षुद्र होतं, पण त्यासाठीच मी गेलो होतो.

"अव्वा, मी आत नव्हतो. लोक म्हणतात मी त्याच्याजवळ होतो. मी नव्हतो. मी बाहेर बसलो होतो."

त्यांनी पदर खाली घेतला. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील, लागेल असं, आणि मी ते ऐकून घेईन आणि बरं वाटेल. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग भिंतीकडं, जिथं आण्णांची तसबीर आहे.

"ह्यो फोटू वरीसभर लावू दिला न्हवता त्येनं. मी लावला की काढून ठिवायचा. जेवताना ह्यांच्या जागंवर बसायचा न्हाई. मी इचारलं, आरं असं का? तर म्हनला, अव्वा, पोरगा म्हनून जवळ बसायचं हुतं गं मला, आन् मी डाक्टर झालो." त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मग त्येच्याजवळ कोन हुतं?"

"रेश्मा म्हणून एक पोरगी आहे. डॉक्टर. त्याचीच शिष्या."

"तिला घिऊन ये."

मी हो म्हणालो.  तुझ्या आईला तोंड दाखवणं जमलं होतं. त्या पोरीला दाखवायचं होतं.

ती ओपीडीत पट्ट्या बघत होती. रांग संपेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो, आणि तिनं मुद्दाम कुणालाही घाईनं उरकलं नाही. शेवटी मी आत गेलो.

"रेश्मा, नळी आधी टाकली होतीस. मी तेव्हाच बघितलं होतं, फोनवर. माहीत असून विचारलं. मला माफ कर, आणि हे मी बैठकीतही सगळ्यांसमोर सांगणार आहे."

ती हात धूत होती. नळ बंद केला, हात पुसले, नीट बोटं बोटं पुसली.

"सर, एक सांगू? राग मानू नका."

"सांग."

"सरांना आत आणलं तेव्हा माझाही फोन हातात होता. माझं बोट बटणावरच होतं. दाबणार तेवढ्यात तुमचं नाव राखाडी झालं आणि माझं वर आलं." तिनं टॉवेल खुंटीला लावला. "मग मी बोट काढलं. कुणीतरी राहायला पाहिजे होतं ना."

मी तिथल्या पेशंटच्या स्टुलावर बसलो. इतके दिवस मी धरून चाललो होतो की त्या खोलीत तू फक्त माझं माणूस होतास. बाकीचे सगळे टीम. वंदना सिस्टरच्या मुलाची फी तू भरली होतीस ते मला माहीत होतं. रेश्माचा बाप तिला रात्रपाळी करू देत नव्हता तेव्हा तू त्यांच्या घरी जाऊन बसला होतास, तेही. पण तुझ्यावर हक्क माझा, दुःख माझं, बाजूला व्हायचा अधिकारही माझा. मी आधी उठलो म्हणून त्या सगळ्यांना थांबावं लागलं. तुझ्या हाळीत एवढी एक जागा राहिली, शांत्या. सगळ्यांचंच माणूस आलं तर काय करायचं, हे तू कुठं लिहिलेलं नाहीस. की तुला ठाऊक होतं, आणि त्यावर अॅप निघत नाही हेही ठाऊक होतं?

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर बोललो.  वंदना सिस्टरनी माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली. रेश्मा कॅज्युअल्टीला परत आली, माझ्या सांगण्यानं नव्हे. जाधव म्हणतात, ती म्हणाली की ओपीडीत सरांची आठवण जास्त येते.

काल रविवारी मी तिला घेऊन तुझ्या गावी गेलो. अव्वांनी तिला जवळ बसवलं, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला, बाजारात भाजी बघावी तसा.

"ह्यो हात हुता त्येच्या अंगावर?"

"हो, आजी."

"दुखत हुतं का गं त्येला?"

"थोडं. आम्ही औषध दिलं होतं. जास्त नाही दुखू दिलं."

"काय बोलला का?"

 तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं की हे तिनं माझ्यापासून राखून ठेवलं होतं. अव्वांशी मात्र तिला खोटं बोलता येईना.

"बोलले. 'इंद्या कुठाय' म्हणाले."

अव्वांचा अंगठा तिच्या तळहातावर फिरत होता, तो फिरतच राहिला.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हणाले, बाहेर आहेत सर. बाजूला झालेत."

"मग?"

"मग ते 'बरं' म्हणाले."

आत स्वयंपाकघरात तुझ्या वहिनीनं चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. अव्वांनी डोळे मिटून घेतले. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं.

परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. मी एकीलाही ओलांडलं नाही, मागून हळूहळू चालत राहिलो. कितीतरी वेळानं मी रेश्माला विचारलं, "बरं म्हणाला म्हणजे कसं म्हणाला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. तिनं खरंच आठवून बघितलं, मला दिसलं ते.

"सर," ती म्हणाली, "तेवढ्यात ट्यूब घालायची होती."